जुन्या इंग्लिश पोर्सलिनच्या रंगवलेल्या फुलदाण्या : कोणी जमवतं का? (आणि दुरुस्त केलेली घ्यावी का?)

निळा_खवला
नमस्कार मंडळी. मी गेली नऊ वर्षं इंग्लंडात आहे, वूस्टरपासून गाडीने अर्ध्या तासावर. कॅथेड्रलशेजारच्या पोर्सलिन म्युझियममध्ये पहिल्यांदा गेलो तो पाहुण्यांना फिरवायला म्हणून, आणि तिथे जे अडकलो ते अडकलोच. आत्तापर्यंत तीन वाट्या आणि एक बशी एवढीच जमवाजमव आहे, पण आता इथल्या एका लिलावात फुलदाणी आलीय आणि झोप उडालीय.

फुलदाणी वीतभर उंच, झाकण हरवलेलं. निळ्या खवल्यांची जमीन (साडीची असते ना तशी जमीन, माशाच्या खवल्यांसारखी), त्यात आरशाच्या आकाराचे पांढरे कप्पे सोडलेत, भोवती सोन्याची वेलबुट्टी आणि कप्प्यात लांब शेपट्यांचे कल्पनेतले पक्षी नि किडे. बुडाखाली निळी चौकोनी खूण. कॅटलॉगात लिहिलंय वूस्टर, साधारण १७७०, मानेची दुरुस्ती झालेली. अंदाज दोनशे ते तीनशे पाउंड.

दोन प्रश्न आहेत. एक, ही खरंच डॉक्टर वॉलच्या (वूस्टरच्या कारखान्याच्या संस्थापकांपैकी एक) काळातली आहे की मागाहून केलेली नक्कल, कसं ओळखायचं? दोन, खरी असली तरी मान जोडलेली, दुरुस्त केलेली वस्तू घ्यावी का? बुधवारी बघायला ठेवणार आहेत, गुरुवारी लिलाव. फोटो खाली डकवलेत.

अनुजा७८
काय सुंदर निळा आहे हो! इरकलीतला गडद निळा आठवला.

पुणेरी_टोमणा
आधी एक सांगा, वॉर्सेस्टर ना? वूस्टर काय लिहिताय सारखं.

निळा_खवला
लिहितात तसं, म्हणतात वूस्टर. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात बसवाल्याने शिकवलं :)

चिनीमातीवाली_आजी
निळा खवला, छान विषय काढलास. मी लंडनला १९७१ साली लग्न होऊन आले आणि १९८८ पासून ही भांडी गोळा करतेय, तेव्हा चार गोष्टी सांगते.

पहिलं म्हणजे खुणेवर अजिबात जाऊ नकोस. खूण शेवटी बघायची. निळी चौकोनी खूण, निळी चंद्रकोर, या वूस्टरच्या खऱ्याच आहेत पण त्या कोणीही काढू शकतो आणि शंभर जणांनी काढल्यात. पॅरिसच्या सॅमसनने १८४५ पासून लंडनच्या कारखान्याची चेल्सी म्हणू नको, वूस्टर म्हणू नको, सगळ्यांच्या नकला केल्या. स्टॅफर्डशरमधल्या टनस्टॉलच्या बूथ्सनी तर नेमकी ही निळ्या खवल्यांचीच नक्कल केली आणि खाली तशाच दिसणाऱ्या खुणा टाकल्या.

मग बघायचं काय? तर माती. बुधवारी जाताना चांगला टॉर्च ने. लिलाववाल्यांना विचारून फुलदाणी हातात घे, टॉर्च आत सोड आणि बाहेरून बघ. वूस्टरची जुनी माती उजेडात हिरवट दिसते. सॅमसनची कडक पोर्सलिनची असते, ती थंड करडी पांढरी दिसते. आणि बूथ्सची वस्तू असली तर उजेड पलीकडे येतच नाही, कारण ते पोर्सलिनच नाही.

दुसरं, बूड. तळाच्या कड्याच्या आतल्या बाजूने जिथे कडं आणि बूड मिळतं तिथे झिलई न पोचलेली एक बारीक रेघ पुष्कळदा असते. साधी शिसपेन्सिल फिरव. झिलईवर शिसं उमटत नाही, कोऱ्या मातीवर उमटतं. नंतर बोटाने पुसून टाक, आणि आधी विचारून कर हे सगळं.

भट्टीवाला
आजींचं टॉर्चचं अगदी बरोबर, त्याच्यामागचं कारण सांगतो. मी मूळ भद्रावतीकडचा, आयुष्य चिनी मातीच्या भट्ट्यांवर गेलं, त्यामुळे हा माझ्या आवडीचा भाग.

चिन्यांचं खरं पोर्सलिन म्हणजे केओलिन (पांढरी चिनी माती) आणि एक प्रकारचा फेल्डस्पारवाला दगड, १३०० अंशांच्या वर भाजलेलं. युरोपात ते जर्मनीत मायसेनला १७१० च्या सुमारास जमलं. इंग्रजांना केओलिन कसं वापरायचं ते माहीत नव्हतं म्हणून ज्याने त्याने आपापली खिचडी शिजवली. लंडनच्या चेल्सीत निकोलस स्प्रिमाँ नावाच्या चांदीकामाच्या कारागिराने १७४५ च्या आसपास काचेसारख्या मिश्रणाची मऊ माती केली. पूर्व लंडनमधल्या बो इथे हाडांची राख घातली, आपण ज्याला बोन चायना म्हणतो त्याची ही आजी (माफ करा आजी). आणि वूस्टरने १७५१ ला कारखाना काढला, दुसऱ्या वर्षी ब्रिस्टलचा एक छोटा कारखाना त्यात मिळवला आणि त्याच्याबरोबर शंखजिऱ्याचं गुपित आलं. शंखजिरं म्हणजे तेच आपलं मऊ गुळगुळीत, हाताला साबणासारखं लागणारं. ते कॉर्नवॉलमधून आणायचे.

शंखजिऱ्याची माती उकळत्या पाण्याने तडकत नाही. चेल्सीच्या किटल्या तडकायच्या. त्यामुळे चहाच्या भांड्यांत वूस्टर पुढे गेलं आणि चेल्सीने फुलदाण्या, पुतळे, ताटं असली दिमाखाची कामं जास्त केली. फुलदाणीत कोण उकळतं पाणी ओततंय!

हार्ड, म्हणजे चिन्यांसारखं कडक पोर्सलिन इंग्लंडात आलं ते प्लिमथला, विल्यम कुकवर्दी नावाच्या औषधवाल्याने १७६८ ला पेटंट घेतलं. त्या फुलदाण्या हातात घेतल्या तर चाकावर फिरवल्याच्या वळ्या तिरप्या उजेडात दिसतात, रंगही जरा धुरकट.

गिरगावकर
भट्टीवालेकाका, मस्त. म्हणजे ज्या काळात थोरले माधवराव पेशवे होते, १७६१ ते १७७२, त्याच काळात ही निळी खवल्यांची नक्षी चालू होती तर! पुण्यात शनिवारवाड्यात कारभार चाललाय आणि तिकडे कोणी कारागीर खवल्याशेजारी खवला काढत बसलाय. अंगावर काटा आला राव.

सडेतोड
मला एक कळत नाही, रागावू नका. ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्याच फुलदाण्या आपण पैसे मोजून घरात आणायच्या? तेवढ्या पैशात पैठणची एक चांगली साडी येईल, आपल्या विणकराच्या घरात पैसे जातील.

अनुजा७८
सडेतोड, दोन्ही घेता येतं की. आणि १७७० ला मफलपाशी बसून पक्षी रंगवणाऱ्याने आपलं काय लुटलं? तोही रोजंदारीवरचाच असणार.

चिनीमातीवाली_आजी
सडेतोड, तुमचं म्हणणं मला समजतं, माझे सासरे स्वातंत्र्यसैनिक होते, त्यांनी हाच प्रश्न मला माझ्याच स्वयंपाकघरात विचारला होता. मी त्यांच्या हातात चेल्सीची एक छोटी कुपी दिली. त्यांनी चष्मा लावला आणि पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले हा माणूस दुपारच्या उजेडात काम करत असणार. हाताचं काम ज्याला कळतं त्याला ते कुठलंही कळतं. पण पैठणीही घ्याच.

भट्टीवाला
अनुजाताई, मफल शब्द बरोबर वापरलात! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : निळा रंग कोबाल्टचा, तो झिलईच्या खाली असतो, आधी निळा मग झिलई मग मोठी भट्टी. बाकीचे लाल पिवळे हिरवे जांभळे रंग झिलईच्या वर, ते मफल नावाच्या छोट्या बंद भट्टीत ७०० ते ८०० अंशांवर. सोनं सगळ्यात शेवटी. त्या काळी सोन्याचा वर्ख मधात खलून लावायचे, म्हणून जुनं सोनं जाडसर आणि मऊ तेजाचं दिसतं. पुढे पारा वापरून लावायला लागले ते पातळ, पितळेसारखं झगझगीत.

आणि महत्त्वाचं, मऊ मातीवर वरचे रंग झिलईत थोडे मुरतात. हार्ड पोर्सलिनवर ते वरच बसतात. डोळे मिटून बोट फिरवा, कळतं.

मुंबईचा_भंगारी
माझा अनुभव सांगतो म्हणजे दुसऱ्या कोणाचं नुकसान टळेल. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एका दुकानात फुलदाण्यांची जोडी मिळाली, फुलांनी भरलेली, मागे सोनेरी नांगर (जहाजाचा असतो तो). दुकानदार म्हणाला चेल्सी, दोनशे पन्नास वर्षं जुनी, अमक्या बंगल्यातून आली. मी घरी येऊन वाचलं तर चेल्सीची खूण खरंच नांगर, सोनेरी नांगर १७५६ ते १७६९. मी खूश. मोठी रक्कम दिली.

मग एका जाणकार बाईंना दाखवली. त्यांनी बुडाकडे बघितलं आणि विचारलं, नांगर केवढा आहे? माझा नांगर करंगळीच्या नखाएवढा, ठसठशीत. खऱ्या चेल्सीचा नांगर पाच सहा मिलिमीटर, कुठेतरी कोपऱ्यात लपलेला, बघायला भिंग लागतं. टॉर्च लावला तर करडा पांढरा. सॅमसनची किंवा त्याच्या जातभाईची. जोडी अजून कपाटात आहे, फुलं छानच काढलीत, पण चेल्सी नाही.

चिनीमातीवाली_आजी
अगदी हेच. मोठा सोनेरी नांगर दिसला की चार पावलं मागे सरकायचं. आणि लाल नांगरवाली चेल्सी, म्हणजे १७५२ ते १७५६ ची, उजेडात धरली तर आत फिकट गोल ठिपके दिसतात. आम्ही त्यांना चंद्र म्हणतो. मातीत अडकलेले हवेचे बुडबुडे ते. पहिल्यांदा चंद्र दिसले ना तेव्हा मी रात्री साडेअकराला यांना उठवलं होतं बघायला.

केतकीचं_बन
आजी चंद्र :) किती गोड. मला या वस्तूंतलं काही कळत नाही पण धागा वाचत बसलेय. एक विचारू, हैदराबादच्या सालारजंगमध्ये पाहिलेलं ते युरोपियन पोर्सलिन यातलंच का?

गिरगावकर
हो, तिथे युरोपातल्या बऱ्याच ठिकाणचं आहे. तिसऱ्या सालारजंगांनी जमवलेलं, म्युझियम १९५१ ला उघडलं. लंडनला गेलात तर व्ही अँड ए ला (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) सगळ्यात वरच्या मजल्यावर जा, प्रवेश फुकट. लेडी शार्लट श्रायबर नावाच्या बाईंनी युरोपभर हिंडून जमवलेला इंग्लिश भांड्यांचा संग्रह १८८४ मध्ये तिथे देऊन टाकला. त्या काळात एक बाई दुकानंच्या दुकानं पालथी घालतेय, काय हौस असेल!

सडेतोड
मान्य, हौसेला मोल नाही. पण निळाखवलाराव, उद्या भारतात परत यायचं ठरलं तर? आपल्याकडे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, १९७२ चा कायदा आहे. एकदा इथे आली की खासगी माणसाला परत बाहेर नेता येत नाही. आणणार असाल तर कस्टम्सचंही आधी विचारून ठेवा, बिलं जपा.

निळा_खवला
सडेतोडजी, हे मनापासून धन्यवाद, माझ्या डोक्यात नव्हतं.

आजी, एक शंका. खवले निळे आहेत म्हणजे झिलईखाली. मग कोणी जुन्या कोऱ्या वूस्टरवर नंतर रंगकाम केलं असेल अशी भीती यात कमी ना?

चिनीमातीवाली_आजी
शाब्बास, हा खरा प्रश्न. हो, कमी. झालं असं होतं की एकोणिसाव्या शतकात वूस्टरच्या रंगीत जमिनीच्या वस्तूंना भाव आला, मग काही लोकांनी खऱ्या जुन्या, थोडीच फुलं असलेल्या वस्तू घेतल्या, फुलं काढून टाकली आणि वर सफरचंदी हिरवी नाहीतर पिवळी जमीन चढवून परत भट्टीत घातल्या. माती खरी, बूड खरं, टॉर्चही हिरवा म्हणणार, पण रंगकाम खोटं. परत भाजल्यामुळे झिलईत काळे बारीक ठिपके उठतात, तळाच्या कड्याला काळपट डाग येतो. हिरवी किंवा पिवळी जमीन दिसली की मी कड्याकडे आधी बघते. निळ्या खवल्यांत हे करणं अवघड कारण खवले पहिल्या दिवसापासूनच झिलईखाली असतात. तरी पक्षी नि सोनं नीट बघ.

अजून एक, रंगकाम सगळं वूस्टरलाच होत होतं असंही नाही. लंडनला जेम्स जाइल्स नावाचा माणूस कोऱ्या वस्तू आणून आपल्या कारखान्यात रंगवायचा. त्याचे पक्षी पिसं विस्कटलेले आणि फळं मधोमध कापलेली. १७७४ ला त्याचा माल क्रिस्टीजकडे लिलावात निघाला.

अनुजा७८
रंगवणाऱ्यांची नावं माहीत आहेत का कोणाची? का सगळे अनामिक?

चिनीमातीवाली_आजी
बहुतेक अनामिक. थोड्या जणांची कळतात. ओनील म्हणून एक मूळचा आयर्लंडचा होता, इसापनीतीतल्यासारखे कोल्हे, सिंह काढायचा, मोठ्या षटकोनी फुलदाण्यांवर त्याची सही सापडते. जॉन डोनाल्डसन दुसरा. बाकी सगळे हाताच्या वळणावरूनच ओळखायचे.

मुंबईचा_भंगारी
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच, तुटकी घ्यावी का? माझं मत नको. आपल्याकडे तडा गेलेलं भांडं घरात ठेवत नाहीत, आणि विकायला गेलं की निम्मीही किंमत येत नाही. थांबावं, पैसे साठवावेत, अखंड घ्यावी.

भट्टीवाला
भंगारीसाहेब, मी उलट म्हणेन. अखंड वस्तू काचेआड बघायची, तुटकी हातात घेऊन शिकायचं. टवका उडालेल्या कडेवर मातीचा पोत दिसतो, तो अखंड वस्तूत कधीच दिसत नाही. मऊ मातीचा तुटका भाग बारीक साखरेसारखा रवाळ, हार्डचा काचेसारखा चकचकीत. पगारदार माणसाला अडीचशे वर्षांपूर्वीचा हात घरात ठेवायचा असेल तर तडा हाच त्याचा दरवाजा आहे.

केतकीचं_बन
तडा हाच दरवाजा.. व्वा काका.

चिनीमातीवाली_आजी
मी दोघांच्या मधे. केसाएवढा तडा चालतो. टवका चालतो. पण दुरुस्ती कशी केलीय ते बघायचं. माझी एक बो ची फुलदाणी मी एकाकडे दुरुस्तीला दिली होती, ओठाला एक छोटा टवका होता फक्त. परत आली तर माणसाने ओठ झाकायला अर्ध्या फुलदाणीवर रंगाचा फवारा मारलेला. दोन वर्षांत तो पिवळा पडला. खालची खरी झिलई दिसेनाशी झाली, ज्याच्यासाठी मी ती घेतली होती. रडले मी. नंतर दुसऱ्याकडून कापसाच्या बोळ्याने हळूहळू काढून घेतला, आता टवका दिसतो आणि मला तो तसाच हवाय.

तर बुधवारी मानेकडे बघ. दुरुस्तीचा रंग उजेड अडवतो, त्यामुळे टॉर्चमध्ये तो भाग काळा दिसेल. काळं फक्त मानेवर असेल तर घे. खाली पोटापर्यंत उतरलं असेल तर सोडून दे. आणि उचलताना मानेला धरून उचलायचं नाही, एक हात बुडाखाली. दुरुस्त वस्तू पाण्यात बुडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

पुणेरी_टोमणा
आजी तुमचा क्लास लावायचाय, फी सांगा.

निळा_खवला
मंडळी, आज गुरुवार, रात्रीचे दहा वाजलेत, सविस्तर लिहितो.

काल दुपारी सुट्टी टाकून गेलो. तिथल्या बाईंना टॉर्चचं विचारलं तर त्यांनीच दिवे मंद करून दिले. आत टॉर्च सोडला आणि आजी, हिरवट! कोवळ्या काकडीच्या गरासारखी झाक, सगळ्या पोटाला एकसारखी. मान मात्र बोटभर रुंदीत काळी, रेघ मारल्यासारखी सरळ, त्याच्या खाली काही नाही. पेन्सिलची रेघ कड्याच्या आत उमटली. पिवळ्या सोन्यावर बोट फिरवलं तर जाडसर लागतं, दोन ठिकाणी झिजलंय. खवले जवळून बघितले तर एकसारखे नाहीत, एका बाजूला दाट आणि पक्ष्याच्या कप्प्याजवळ जरा सैल, हात वळवताना ब्रश उचललाय तिथे.

आणि मग मागच्या बाजूला खालच्या छोट्या कप्प्यात एक किडा दिसला. बाकी सगळे किडे कप्प्याच्या मधे आहेत, हा एकटाच कडेला, तिरका. मला वाटलं चुकला असेल. नख फिरवलं तर किड्याच्या पाठीवरच झिलईत एक बारीक खड्डा, भाजताना पडलेला. भट्टीतून खड्डा पडून आला म्हणून त्याने बरोबर त्याच्यावर किडा बसवलाय! पाठीचा लाल ठिपका खड्ड्यात भरलाय. मी तिथेच उभा, बाईंनी विचारलं सगळं ठीक आहे ना.

आज सकाळी २६० पाउंडांना मिळाली, वर कमिशन वेगळं. मी आणि आणखी एक जण, तो २५० ला थांबला.

भट्टीवाला
खड्डा झाकायला किडा किंवा पान, हे चेल्सीत, मायसेनमध्येही करायचे. पण स्वतःच्या नखाने सापडणं म्हणजे काय सांगू. अभिनंदन!!

सडेतोड
अभिनंदन. किड्याचा फोटो टाका. बिल जपा.

मुंबईचा_भंगारी
मी माझं मत मागे घेतो. या किड्यासाठी मीही घेतली असती.

अनुजा७८
हे वाचून डोळे भरून आले उगाच. कोण होता तो माणूस, संध्याकाळी घरी जाऊन त्याने सांगितलं असेल का कोणाला की आज एक खड्डा झाकला.

चिनीमातीवाली_आजी
छान झालं रे. कुठे ठेवलीस? उन्हात नको, रेडिएटरच्या वर तर अजिबात नको, मानेची जोड सैल होईल. पक्षी कुठल्या बाजूला आहे?

निळा_खवला
आजी, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर, खाली थोडं मेण लावून घट्ट बसवलीय. मोठा पक्षी मागे गेलाय. किडा समोर ठेवलाय.

चिनीमातीवाली_आजी
पुढच्या शनिवारी पॅडिंग्टनहून सकाळची गाडी धरते. टॉर्च माझा आणेन.